गाडी जुंपण्यापूर्वी

मार्गशीर्ष महिना लागला की मराठवाड्यातील रस्त्यांना पूर्वी एक निराळीच शोभा येत असे. खरिपाची ज्वारी खळ्यातून घरात आलेली असे, कपाशीची पहिली वेचणी उरकलेली असे आणि रब्बीचे पीक रानात वाऱ्यावर डोलत असे. शेतकऱ्याला वर्षातून चार दिवस उसंत मिळते, ती याच काळात. नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाची यात्रा भरते, तीही याच काळात. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास सुरू होणारी ही यात्रा जनावरांच्या बाजारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. घोडे, गाढवे, उंट, बैल यांची तेथे खरेदी-विक्री होते. कुस्त्यांचे आखाडे रंगतात. लोककलावंतांचे फड उभे राहतात. आज बहुतेक यात्रेकरू मोटारींनी तेथे जातात. पन्नास वर्षांपूर्वी मात्र परभणी, नांदेड, बीडकडच्या खेड्यांतून बैलगाड्यांच्या रांगा माळेगावची वाट धरीत आणि पहाटेच्या धुक्यात घुंगरांचा नाद गाडीच्याही आधी कानी येई.

गाड्या किंवा जनावरे यांच्या सोबतीने चालणाऱ्या अशा समुदायाला मराठीत तांडा म्हणतात. एके काळी बंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून साऱ्या देशभर फिरत असत. पावसाळ्यात ते एके ठिकाणी मुक्काम करीत आणि वाटा वाळल्या की पुन्हा चालू लागत. फार्सी भाषेत अशा तांड्याला ‘कारवान’ म्हणतात. इंग्रजीने हा शब्द उचलला आणि पुढे त्याला ‘चाकांवरचे घर’ असाही अर्थ आला. आता तोच शब्द ‘कॅराव्हॅन’ या रूपाने आपल्याकडे परत आला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आखले. निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेल्या मोटारीतून कुटुंबे आता सुट्टीला जातात. परंतु गाडीला तेवढ्या दिवसांपुरते घर बनविण्याची विद्या येथील शेतकऱ्याला नवी नव्हे. ती विद्या किती बारकाईची होती, हे वसमत तालुक्यातील एका घराच्या पहिल्या गाडीयात्रेच्या तयारीवरून कळून येते.

वसमत तालुका आज हिंगोली जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी निर्माण झाला. त्यापूर्वी हा सारा भाग परभणी जिल्ह्यात मोडत असे. गोष्ट १९७३ सालच्या हिवाळ्यातील आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १९७२ साली, महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला होता. विहिरी आटल्या, पेरलेले बी मातीतच करपले. गावोगावची माणसे खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामावर जाऊ लागली. मुलांना सुकडी मिळे आणि रेशनच्या दुकानात परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळे. वैरणीअभावी कित्येकांनी आपली जनावरे मातीमोलाने विकली. या घरातही एक जोडी होती, लाल कंधारी जातीची, तांबूस अंगाची, काळ्या डोळ्यांची. एकाचे नाव हौशा, दुसऱ्याचे लाल्या. आजोबांनी ती विकली नाही. मैलोगणती चालून त्यांनी झाडांचा पाला आणला, कोठून तरी उसाचे वाढे आणले आणि जोडी जगविली. पुढच्या वर्षी, १९७३ साली, पाऊस आला. त्या दोन बैलांच्या बळावर घराची पेरणी वेळेवर झाली आणि खळ्यात पुन्हा धान्याची रास उभी राहिली.

रास घरात आली त्या दिवशी आजोबा म्हणाले, “औंदा माळेगावला जाऊ. सगळे जाऊ.”

आजीने माहेर, सासर आणि औंढ्याचा नागनाथ यांपलीकडे काही पाहिले नव्हते. गोदावरी नदी ती ओव्यांतून रोज आळवी, पण तिचे पात्र तिने कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. माळेगावची वाट नांदेडला गोदावरी ओलांडून जात असे. त्यामुळे आजीला यात्रा दोन ठिकाणी घडणार होती. बारा वर्षांच्या नातवाला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला तर त्या रात्री झोपच आली नाही.

‘सगळे जाऊ’ असे आजोबा म्हणाले खरे, परंतु सगळ्यांना जाता येत नाही, हा तयारीतील पहिला धडा होता. रानात रब्बीची ज्वारी उभी होती. गोठ्यात दुभती गाय होती. शेतकऱ्याच्या घराला कुलूप लावता येते. शेताला लावता येत नाही. मुलांच्या वडिलांनी आपण होऊन घरी राहण्याचे ठरविले. “माझं पुढल्या वर्षी,” असे ते हसत म्हणाले. प्रवासाला निघणाऱ्याच्या पाठीमागे कोणीतरी घर सांभाळत बसलेले असते, हे निघणाऱ्याने विसरू नये.

दुसरा प्रश्न शाळेचा होता. वर्गशिक्षकांनी रजा दिली. मात्र तयारीपासून परत येईपर्यंतची सर्व नोंद वहीत करून आणावी, अशी अट घातली. मुलाने त्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर ‘न्यावयाच्या वस्तू’ असे ठळक अक्षरांत लिहिले आणि यादीस प्रारंभ केला. संध्याकाळपर्यंत ती यादी तीन पाने भरली. तीत पितळी हंड्यापासून पतंगापर्यंत सर्व काही होते. आजोबांना अक्षरओळख बेताचीच. त्यांनी यादी वाचून घेतली आणि म्हणाले, “लेकरा, गाडीत काय घालायचं ते कोणीही सांगंल. काय काढायचं, ते सांग.”

मग हिशेब सुरू झाला. गावापासून नांदेडमार्गे माळेगाव सुमारे शंभर किलोमीटर. भरलेली बैलगाडी ताशी तीन-चार किलोमीटर चालते. बैलांना दुपारी सोडावे लागते. त्यांना चारा खाऊन निवांत रवंथ करू द्यावा लागते. म्हणजे दिवसाकाठी वीस किलोमीटर ही चाल धरावी. जाण्यास पाच दिवस लागणार. एका बैलाला दिवसाला कडब्याच्या पाच पेंढ्या लागतात. दोघांना दहा, आणि पाच दिवसांच्या ५०. एका पेंढीचे वजन दोन किलो धरले तरी हा भार १०० किलोंचा झाला. मुलाने परतीच्या वाटेचा कडबाही वहीत मांडला. आजोबांनी तो खोडण्यास सांगितला. जे वाटेत विकत मिळते ते बैलाच्या खांद्यावर लादू नये, असा त्यांचा नेम होता. यात्रेत वैरणीचे बाजार लागतात. परतीची वैरण तेथे घेता येणार होती. सरकीच्या पेंडीची एक गोणी मात्र त्यांनी ठेवली. चाऱ्यात पालट झाला की बैलाचे पोट बिघडते आणि ओळखीची पेंड सोबत असली की तो नव्या ठिकाणीही नीट खातो. अशा रीतीने गाडीत पहिली जागा बैलांच्या अन्नाला मिळाली. माणसांचा विचार त्यानंतर झाला.

माणसांची शिदोरी आजी आणि माय यांनी ठरविली. पहिल्या दोन दिवसांसाठी दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या आणि धपाटे. पाण्याने केलेल्या भाकरीपेक्षा दशमी अधिक टिकते. पुढील दिवसांसाठी ज्वारीचे पीठ, डाळ, तिखट, मीठ, गूळ आणि कांदे. शेंगदाण्याची, जवसाची व कारळाची चटणी तीन लहान गाडग्यांत. मुलांच्या खिशासाठी भाजलेले हरभरे. चुलीसाठी तीन दगड कोठेही मिळतात, पण कोरडे सरपण दवात मिळत नाही. म्हणून गोवऱ्यांचे एक पोते गाडीखाली बांधण्याचे ठरले. पितळी हंडा खोडला गेला; त्याच्या जागी एक घागर, एक तवा, एक पातेले आणि एक काठवट आली. पतंग मुलाने स्वतःच खोडला.

गाडीची तपासणी हा तयारीचा सर्वांत मोठा भाग होता. चाकाच्या परिघावर लोखंडाचा जो पट्टा असतो त्याला धाव म्हणतात. पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत तीच ओल उडून जाते आणि लाकूड आकसते. लोखंडी धाव मात्र तेवढीच राहते. त्यामुळे ती ढिली होते, आणि ढिली धाव भर रस्त्यात निसटली तर चाकाचे आरे खिळखिळे होण्यास वेळ लागत नाही. आजोबांनी दोन्ही चाके काढून लोहाराकडे नेली. लोहाराने धाव थोडी कापून पुन्हा जोडली आणि पेटलेल्या गोवऱ्यांच्या गोलाकार राशीत ठेवली. लालबुंद झाल्यावर ती फुगली. तिघांनी सांडशीने धरून ती चाकावर बसविली आणि लगोलग घागरीने पाणी ओतले. चर्रर्र असा आवाज झाला, वाफेचा लोट उठला आणि थंड होता होता धावेने लाकडाला असे घट्ट कवटाळले की, आऱ्यांचे सांधे कुरकुरले. शास्त्राच्या पुस्तकात ‘उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात’ हे वाक्य मुलाने पाठ केले होते. त्या वाक्याचा उपयोग त्याने त्या दिवशी पाहिला.

नंतर नालबंदाने बैलांच्या खुरांना पत्र्या मारल्या, कारण नांदेडकडील रस्ता कठीण होता आणि काळ्या मातीत वावरणारे खूर खडीवर लवकर झिजतात. आसाच्या टोकांच्या खिळी बदलण्यात आल्या. वंगणाचा नळा भरून गाडीखाली टांगला गेला. गाडीवर बांबूच्या कामट्यांची कमान बांधून तीवर ताडपत्री ताणली. जुने जू जरा झिजले होते, म्हणून सुताराकडून बाभळीचे नवे जूही करवून घेतले. ते गुळगुळीत, देखणे जू पाहून मुलाला फार आनंद झाला.

आता राहिली थंडी. मराठवाड्याचा हा पठारी भाग समुद्रापासून दूर आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते आणि उत्तरेकडून गार वारे येतात. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता भराभर सोडून देते. ढग असते तर त्यांनी पांघरुणाप्रमाणे ती काही अंशी अडविली असती. म्हणूनच येथे दुपारी सदरा नकोसा वाटतो आणि पहाटे दात वाजतात. डिसेंबर २०१८ मध्ये परभणी येथे पारा ३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा थंडीत उघड्यावर पाच रात्री काढावयाच्या होत्या, तेही एका वृद्ध स्त्रीला आणि एका सहा वर्षांच्या मुलीला घेऊन.

या बाबतीत घरात आजीचा शब्द शेवटचा होता. तिने पांघरुणांकडे पाहण्याआधी अंथरुणाकडे पाहिले. “थंडी वरून कमी आणि खालून जास्त येते,” असे ती म्हणे. गाडीच्या तळाशी गवताचा वीतभर थर, त्यावर पोती, पोत्यांवर वाकळ आणि सर्वांत वर घोंगडी, अशी तिची रचना होती. गवताच्या काड्यांत कोंडलेली हवा उष्णता जाऊ देत नाही, हे तिला पुस्तकातून कळले नव्हते. पण कळले होते. लोकरीची घोंगडी दवाने किंचित ओलसर झाली तरी ऊब देते, म्हणून तिने धनगरांनी विणलेल्या दोन घोंगड्या काढल्या. मुलांसाठी कानटोपरी आणि पायमोजे नव्हते. तिने जुन्या लुगड्याच्या पट्ट्या कापून पायांना गुंडाळण्यासाठी ठेवल्या. बैलांसाठी गोणपाटाच्या दोन झुली शिवल्या. दिवसभर घाम गाळलेला बैल रात्री उघडा राहिला की गारठतो आणि गारठलेला बैल सकाळी उठत नाही.

काही नियमही तिने मुलांकडून वदवून घेतले. मुक्काम नदीच्या काठावर करावयाचा नाही, उंचवट्यावर करावयाचा. कारण गार हवा जड असते आणि रात्री सखल जागी उतरून साचते. शेकोटी गाडीपासून वीस पावले दूर आणि गाडीवरून वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूला करावयाची. कमानीखाली कडबा असतो. तेथे कंदील न्यावयाचा नाही, मग कितीही थंडी वाजो. बैलांना सकाळी नदीचे गार पाणी न पाजता विहिरीचे ताजे पाणी पाजावयाचे. हिवाळ्यात ते कोमट असते.

निघण्यास आठ दिवस उरले असता आजोबांनी आणखी एक गोष्ट केली. ठरलेला सर्व भार गाडीत भरला, नवे जू बैलांच्या खांद्यावर ठेवले आणि गाडी दिवसभर फिरवून आणली. शेजाऱ्यांना याचे हसू आले. ज्या गाडीत जन्म गेला तिची परीक्षा कसली घ्यावयाची? पण आजोबांचे म्हणणे असे की, घरापासून दोन कोसांवर जे मोडते ते दुरुस्त होते. वीस कोसांवर जे मोडते ते गळ्यात पडते.

त्या दिवशी काहीच मोडले नाही. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा गोठ्यात बैलांना खरारा करीत होता. हौशाच्या खांद्यावरून हात फिरताच तो मान आखडून दूर सरला. मुलाने पुन्हा हात लावला. खांद्यावर मुठीएवढी सूज होती आणि ती गरम लागत होती. नव्या जुवाची धार अजून मोडली नव्हती. तिने खांदा दुखावला होता.

गोठ्यात दुसरे कोणी नव्हते. गावातील सात गाड्या पाच दिवसांनी, वद्य सप्तमीला, निघणार होत्या. सूज लहान होती. कदाचित आपोआप उतरली असती. सांगितले तर जाणे राहील, हे मुलाला स्पष्ट दिसत होते. आजीने बांधून ठेवलेले गाठोडे त्याला दिसत होते. वहीतील तीन पानांची एका पानावर आलेली यादी दिसत होती. तो जेवणास बसला, पण घास उतरेना. दुष्काळात आजोबा रात्री उठून याच बैलाच्या पुढे हाताने पाला धरीत, ते त्याला आठवले. हात धुऊन तो आजोबांपाशी गेला आणि म्हणाला, “आबा, हौशाचा खांदा सुजलाय.”

आजोबांनी कंदील घेतला. बराच वेळ त्यांनी खांदा चाचपून पाहिला. मग एवढेच म्हणाले, “चांगलं केलंस सांगितलंस.”

दुसऱ्या दिवशी ते हौशाला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी औषध दिले आणि सूज पूर्ण उतरेपर्यंत खांद्यावर जू ठेवू नये, असे बजावले. घरी कडुनिंबाचा पाला उकळलेल्या पाण्याने शेक सुरू झाला. रोज संध्याकाळी तेलात कालवलेली हळद लावण्याचे काम मुलाने स्वतःकडे घेतले. हळद घरचीच होती; वसमतच्या मातीला तिचे वरदान आहे. सूज रोज थोडी थोडी उतरत होती. परंतु सप्तमी त्याहून लवकर आली.

सात गाड्यांचे मालक अंगणात जमले. एकाने सुचविले की, हौशाला घरी ठेवून दुसऱ्याचा बैल जोडीला घ्यावा. आजोबा म्हणाले की, ज्यांची चाल जुळत नाही असे दोन बैल शंभर किलोमीटर जुंपले तर दोघांचेही हाल होतात. दुसऱ्याने म्हटले, “सूज तर उतरलीच आहे. हळूहळू चला. पालखी चुकली तर यात्रेत राहिलं काय?” माळेगावच्या यात्रेत पहिल्या दिवशी देवस्वारी निघते. ती पाहण्यासाठीच सर्वांची धडपड असते. आजोबा गप्प राहिले. त्यांनी आजीकडे पाहिले. कारण ही यात्रा खरे पाहता तिच्यासाठी होती आणि तिचे वय सत्तरीच्या घरात होते. पुढल्या वर्षाची खात्री त्या वयात कोण देणार?

आजी चुलीपुढून उठली नाही. तेथूनच म्हणाली, “मुक्या जिवाच्या दुखऱ्या खांद्यावर बसून मला गोदामाय ओलांडायची नाही. पालखी चुकंल. नदी कुठं जाणार आहे?”

सात गाड्या सप्तमीच्या पहाटे निघून गेल्या. घुंगरांचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. धाकटी मुलगी रडली. मुलगा रडला नाही; तो शेकाचे पाणी तापविण्यास गेला.

या मधल्या तीन दिवसांत घर रिकामे बसले नाही. एकट्या गाडीने जावयाचे तर तयारीत पालट करणे भाग होते. सोबत असती तर सात गाड्यांत मिळून एक सुताराची पेटी पुरली असती. आता वाकस, पटाशी आणि जादा खिळी आपल्याच गाडीत घ्याव्या लागल्या. तेवढे वजन कमी करण्यासाठी पेटारा निघाला आणि कपडे गाठोड्यात आले. रात्री उघड्या माळावर एकट्याने उतरणे बरे नव्हे, म्हणून आजोबांनी पाच मुक्कामांची गावे नक्की केली. जेथे नातेवाईक होते तेथे त्यांचा वाडा, जेथे नव्हते तेथे देवळाचा ओटा. मुलाने ती गावे क्रमाने वहीत लिहिली आणि शेजारी अंतरे मांडली. नवे जू सुताराकडे परत गेले. त्याने त्याच्या कडा तासून गोल केल्या. तरीही आजोबांनी ते माळ्यावर ठेवून दिले. झिजलेले जुने जू पुन्हा खाली आले. जुन्या घोंगडीचा तुकडा दुमडून त्याला खालून मऊ गादी शिवण्यात आली. वर्षानुवर्षे ज्या जुवाने बैलांचे खांदे ओळखले होते, तेच लांबच्या वाटेला अधिक विश्वासाचे ठरले.

नवमीच्या संध्याकाळी आजोबांनी हौशाच्या खांद्यावर तळहात दाबून धरला. बैल स्थिर उभा राहिला. त्यांनी मुलालाही हात ठेवण्यास सांगितले. दोन्ही खांदे सारखे लागले. सूज नव्हती, ऊन नव्हते. मग जू ठेवून गाडी रिकामीच गावकुसापर्यंत नेऊन आणली आणि खांदा पुन्हा पाहिला. तेव्हा कोठे आजोबा माजघरात जाऊन म्हणाले, “दशम्या करा.”

वद्य दशमीचा चंद्र उशिरा उगवतो. पहाटे चारच्या सुमारास तो पूर्वेकडे चांगला वर आलेला असतो. त्याच्या फिकट उजेडात गाडी भरली गेली. आधी कडबा, मग पेंडीची गोणी, मग गवत, पोती, वाकळ आणि घोंगडी. वडिलांनी घागर ताज्या पाण्याने भरून दिली आणि बैलांच्या कपाळाला हळद-कुंकू लावले. आजीला त्यांनी हाताला धरून कमानीखाली बसविले. तिच्या मांडीवर झोपेतली नात आली आणि दोघींवर घोंगडी पडली. माय तिच्या शेजारी बसली.

मुलाची जागा गाडीत राखून ठेवलेली होती. आजोबांनी कासरा हाती घेतला आणि त्याला वर येण्याची खूण केली. मुलाने एकदा हौशाच्या खांद्याकडे पाहिले. तो म्हणाला, “आबा, पहिला कोसभर मी चालतो. तेवढाच भार कमी.”

आजोबांनी हरकत घेतली नाही. ते स्वतःही खाली उतरले. चाके फिरली, धाव रस्त्यावर खणखणली आणि ओसाड रस्त्यावरून एक एकटी गाडी नांदेडच्या दिशेने, गोदावरीच्या दिशेने चालू लागली. तिच्या एका बाजूने म्हातारा चालत होता आणि दुसऱ्या बाजूने, पायांना लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळलेला, एक बारा वर्षांचा मुलगा.